बाईंनी अडवलेला रस्ता

गाडी विकायची, हे मुलाने जेवताजेवता जाहीर केलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या सहज. निमित्त एवढंच, की बाईंच्या गाडीचा आरसा फाटकाच्या खांबाला घासला होता.

"आई, वय झालं आता तुझं. कुठे जायचं असेल तर मी आहे ना."

बाईंनी घास गिळला. लग्नानंतर या परक्या देशात येऊन त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन वर्षं लोटली, तरी डॉक्टरांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना अजून 'बाई'च म्हणत. डोळे तपासून परवान्याचं नूतनीकरणही त्यांनी नुकतंच करून आणलं होतं.

"मी तुला क्लच सोडायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि तू मला गाडी सोडायला शिकवतोस होय?"

सुनेने हसू दाबलं. मुलगा काही हसला नाही. त्याने खुंटीवरची किल्ली काढून सरळ खिशात टाकली.

सकाळी तो कामावर गेल्यावर बाईंनी कपाटातली दुसरी किल्ली घेतली. सुनेला म्हणाल्या, "त्याला सांग, आई समुद्रकाठाने फिरायला गेली. पळून गेली म्हणू नकोस हं. सांगून गेली म्हण."

नणंद तिच्या इमारतीखाली बॅग घेऊन उभीच होती, गळ्यात दुर्बीण. दातांच्या दवाखान्यात तिचा जन्म गेला होता. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात डोकावून कंटाळा आला, आता जरा लांबचं बघू दे, असं ती म्हणायची.

"वहिनी, रात्री तुझा फोन ठेवला तशी बॅग भरली मी. झोप कुणाला लागतेय!"

मोठा हमरस्ता सोडून त्या किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याला लागल्या. घाई नव्हतीच. खडकावर पंख पसरून बसलेले पाणकावळे दिसले की थांबायचं, थर्मासमधला चहा संपला की थांबायचं. नणंदेला दर वळणावर डॉल्फिन दिसत होते. त्यातला एक कोळ्यांच्या जाळ्याचा तरंगा निघाला, दुसरा नुसताच खडक.

"वन्सं, दुर्बीण उलटी धरलीय का?"

"तू पुढे बघ गं. समुद्र माझ्याकडे आहे."

दुपारी उतारावर द्राक्षांचे मळे लागले. एका वाइनरीच्या दगडी खोलीत लांब टेबलावर चकचकीत ग्लास मांडले होते. ॲप्रन घातलेल्या तरुणीने दोघींपुढे घोटघोट लाल वाइन ओतली आणि विचारलं, "वास कसला येतोय?"

नणंदेने नाक खुपसलं. "लवंगेच्या तेलाचा. दाढ भरताना लावतात ना, तो."

ॲप्रनवाली खळखळून हसली. लाकडी पिंपांमुळे तसा वास लागतो, म्हणाली. बाईंना गाडी चालवायची होती, म्हणून त्यांनी घोट तोंडात घोळवला आणि त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात थुंकला.

"शी! जन्मभर लोकांना 'थुंका, थुंका' म्हणत आले मी. आता गिळणार!" असं म्हणून नणंदेने दोघींच्या वाट्याची संपवली.

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी कुजबुजलं, "या वयात?"

बाईंनी मान वळवली. "या वयातच. त्या वयात पोरांना शाळेतून आणायचं असायचं."

तिथल्याच पाहुण्यांच्या खोलीत त्या मुक्कामाला राहिल्या. मुलाचा फोन आला तो नणंदेने घेतला, आणि वाइनच्या भरात कुठे आहोत, पुढे कुठे जाणार, सगळं सांगून बसली.

दुसऱ्या दिवशी एका अरुंद वळणावर बाईंनी ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध एक सील मादी पसरली होती. डोंगराकडच्या ओढ्यात डुंबून तिची आणि इतर माद्यांची पिल्लं एकेक करून रस्त्यावर चढत होती आणि फतक फतक करत समुद्राकडे निघाली होती.

"अगं बाई!" नणंद एवढंच म्हणाली. दुर्बिणीची गरजच नव्हती.

मागून गाड्या येत होत्या. बाईंनी गाडी रस्त्यावर आडवी लावली, चारी इंडिकेटर चालू केले, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरल्या. हॉर्न वाजू लागले. एका हॉटेलच्या व्हॅनचा ड्रायव्हर काठी घेऊन तरातरा आला.

"आजीबाई, गाडी काढा. मी हाकलतो त्यांना."

"काठी गाडीत ठेवून या."

"माझी माणसं खोळंबलीत!"

"माझीही," बाई म्हणाल्या आणि पिल्लांच्या नि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला होता. "मी इथून हलणार नाही. वाजवा किती हॉर्न वाजवायचे ते."

तो पुढे सरकला, तेवढ्यात मादीने मान उंचावून दात दाखवले. काठीसकट स्वारी मागे फिरली.

तेवढ्यात रांगेच्या शेवटाकडून एक माणूस धावत आला. मुलगा! रांग बघून त्याने भलतंच मनात आणलं होतं; चेहरा पांढराफटक.

"आई! कुठे धडकलीस?"

"कुठेच नाही. थांबलेय."

त्याने पिल्लं पाहिली आणि कठड्याला टेकून श्वास घेतला. मग हात पुढे केला. "किल्ली दे. मी घेतो गाडी बाजूला."

"नाही."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. घाबरलास, कळतं मला. पण तुझ्या भीतीपायी मी खुर्चीत बसून राहणार नाही. डोळे दगा द्यायला लागले की मीच किल्ली आणून तुझ्या हातात ठेवीन. तोवर मागायची नाही."

 त्याने हात खाली घेतला. मग आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेवटचं पिल्लू कठड्याच्या फटीत अडकलं तेव्हा "अरे, डावीकडे, डावीकडे!" असं तोच ओरडला.

रस्ता मोकळा झाला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा आता. कामाला उशीर होईल."

"परत कधी येणार?"

"आलो की कळेल."

त्यांनी गाडी कडेला सरळ घेतली तसा व्हॅनवाला हॉर्न दाबत पुढे निघून गेला. बाईंनी काच खाली केली, पहिला गिअर टाकला आणि गाडी सावकाश हाकली. मागच्यांना काय घाई असेल ती असो. दिवसभरात त्यांनी फारसं अंतर कापलंच नाही. जिथे थांबावंसं वाटलं, तिथे थांबल्या.