हललेली सिस्टर

“हलू नकोस,” घड्याळजी म्हणाले.

“मी कुठे हलतेय? तुमचाच हात हलतोय,” असं म्हणत सिस्टर हलल्या.

घड्याळजींच्या जुन्या फोनवर एक पांढरा ढग उमटला. ढगाला चष्मा होता.

घड्याळातला तिळाएवढा स्क्रू पहिल्या फटक्यात जागेवर बसवणारा हा माणूस, पण समोर बायको आणि हातात कॅमेरा आला की झालंच. ती ऐन क्षणी काहीतरी बोलायची, यांना हसू फुटायचं आणि फोटोचा बट्ट्याबोळ व्हायचा. चौतीस वर्षांत तिचा एक धड फोटो म्हणून नव्हता. आणि आता शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. रुग्णालयाच्या व्हरांड्यात निवृत्त सिस्टरांचे फोटो ओळीनं लावलेले असत. मेट्रनबाईंना तिचाही फोटो उद्याच हवा होता.

“बाबा, माझ्यासारखा फोन घ्या,” लेक म्हणाली. “हात कितीही हलू दे, फोटो हलत नाही.”

“त्यापेक्षा सॉफ्टवेअर घ्या,” जावई म्हणाले. “जुने सगळे फोटो लख्ख होतील.”

दोन्ही घेणं काही झेपणारं नव्हतं. घड्याळजी पेचात पडले. फोन घ्यावा तर हिची पुढची वर्षं नीट दिसणार, सॉफ्टवेअर घ्यावं तर मागची.

जावयांनी फुकटच्या चाचणीसाठी सगळ्यात जुना फोटो मागितला. तो वॉर्डातला होता. घड्याळजी तिथलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले होते आणि घड्याळापेक्षा जास्त वेळ या ट्रे घेऊन धावणाऱ्या मुलीकडेच बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते मित्राचा कॅमेरा मागून घेऊन गेले. “पेशंट असाल तर झोपा, नसाल तर वाटेतून बाजूला व्हा,” असं ती म्हणाली, यांना हसू आलं आणि तोही फोटो हलला.

संगणकानं थोडा वेळ घेतला आणि एक सुंदर तरुणी हजर केली. गुळगुळीत गाल, लांब पापण्या, एका रांगेतले दात. ट्रेमधल्या सिरिंजचं फूल झालं होतं.

“ही कोण?” घड्याळजी दचकून म्हणाले.

“छान आहे हो मुलगी,” सिस्टर म्हणाल्या. “पण हिच्या हातून मी तरी इंजेक्शन घेणार नाही.”

मग लेकीच्या फोनची पाळी आली. सिस्टर बोलल्या, घड्याळजी हसले, तरी फोटो आरशासारखा स्वच्छ आला. त्यात डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती, सुजलेल्या पापण्या होत्या, रात्रपाळ्यांचा सगळा शीण होता. रोज हिच्यासमोर बसून चहा पितो आपण, आणि हे दिसलं कसं नाही, याची घड्याळजींना लाज वाटली.

“हिला कसला निरोप देताय? आधी अ‍ॅडमिट करा,” सिस्टर म्हणाल्या. कुणी हसलं नाही, म्हणून त्या एकट्याच हसल्या. मग त्यांनी तो जुना, हललेला फोटो उचलला. “हा द्या.”

“आई, यात तू दिसतच नाहीस!”

“पेशंटला मी अशीच दिसते गं. पांढरं काहीतरी आलं, सुई टोचली, गेलं.”

मेट्रनबाई कुरकुरल्या, पण त्यांनी तो लावला. व्हरांड्यात आठ सिस्टर ताठ मानेनं समोर बघत होत्या आणि नववी ट्रे घेऊन चौकटीबाहेर निघाली होती. “या आमच्या सिस्टर,” वॉर्डातली मावशी शुक्रवारी पाहुण्यांना सांगत होती, “फोटोपुरत्यासुद्धा थांबल्या नाहीत.”

मागची वर्षं हललेलीच बरी, असं ठरवून घड्याळजींनी फोन घेतला होता. समारंभ आटोपल्यावर त्यांनी तो बाहेर काढला. सिस्टर आपल्या फोटोखाली उभ्या राहिल्या. समोरच्या वॉर्डातून पेशंटची घंटी वाजली, त्यांचं पाऊल सवयीनं उचललं गेलं. पण दुसरीच कुणी मुलगी धावत गेली, तशा त्या परत जागेवर आल्या. हात रिकामे होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

घड्याळजींनी फोन डोळ्यांसमोर धरला. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. तीही हलत नव्हती.

“अगं,” ते म्हणाले, “बोल ना काहीतरी.”