डावी बाजू

लोर्नाने खाटेवर पडलेल्या सरांचा लुळा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा हात कुणाचा, सर?"

"तुझाच की. आणखी कुणाचा असणार?" अॅलिस्टर सर वैतागले. "पुरे कर हे नाटक. मीच शिकवलंय तुला ते."

खरंच होतं. तीस वर्षांपूर्वी, होबार्टच्या याच इस्पितळात, मेंदूचा झटका आलेल्या माणसासाठी करण्यासारखं फार काही नव्हतं. म्हणून बघायला सवड भरपूर असे. सर हातोडी नि टाचणी घेऊन एकेका खाटेपाशी तास तास बसत. घाव मेंदूत कुठे आहे ते लोर्नाने कागदावर काढून दाखवायचं. चुकलं की म्हणत, "पोरी, तू मेंढ्या राख. त्या तक्रार करत नाहीत." आणि आपलं अर्धं सँडविच तिच्यापुढे सरकवत.

आता गुठळी विरघळवणारं औषध होतं. साडेचार तासांच्या आत द्यायचं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नव्हता. सरांच्या बायकोने, विनीने, नऊ वाजता न्याहारीला त्यांना धडधाकट पाहिलं होतं. आता पाऊण वाजला होता.

"मला ते नको," सर म्हणाले. "झालंय काय मला? त्या औषधानं डोक्यात रक्त फुटून माणसं जातात."

लोर्नाला ते ठाऊक होतं. तिच्या हातून दोघं गेली होती.

तिचा सहायक, तेविता, औषध भरून उभा होता. तो कुजबुजला, "मॅडम, सर नाही म्हणतायत. आपण सगळे त्यांच्याच पुस्तकावर पास झालोय."

"मग त्यातलं आठव. उजव्या मेंदूला धक्का बसला की रोग्याला आपलं दुखणंच कळत नाही. मग जो रोज त्याच्याबरोबर चहा पितो, त्याला विचारायचं."

ती विनीकडे वळली.

"काकू, शंभरातल्या पाच-सहा जणांना रक्तस्राव होतो. नाही दिलं, तर ही डावी बाजू बहुधा परत यायची नाही."

विनीने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"घरी म्हणायचा, 'लोर्नाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.' तुला कधी बोलला नसेल." ती थांबली. "दे."

"विनी, तूसुद्धा?" सर ओरडले. "पोरी, नापास करीन तुला!"

"करा, सर," लोर्ना म्हणाली आणि औषध तिने स्वतः दिलं.

मग तिने खिडकीशी, त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची ओढली. ती बाजू त्यांच्या लेखी जगातच नव्हती.

"गेली वाटतं," सर विनीला म्हणाले. "हट्टी आहे कार्टी."

लोर्ना हातभर अंतरावर गप्प बसून राहिली. तेविता दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब बघून जाई. रक्तस्राव झाला तर आधी डोकं दुखतं; सरांनी दोनदा कपाळ चोळलं. दोनदा ती अर्धी उठली.

तीनच्या सुमाराला त्यांची मान उशीवर हळूहळू तिच्या बाजूला वळली. ते तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होते.

"डोंगरावर बर्फ पडलंय की. केव्हा पडलं?"



"सकाळपासून पडतंय," विनी म्हणाली.