दिवंगत थर्लवेल यांचं मत

अँब्रोज थर्लवेल यांनी उकडलेल्या अंड्यावर चमचा मारला, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या बहिणीने, हेस्टरने, वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं की ते वारले आहेत.

"'दिवंगत थर्लवेल यांचं मत आम्हाला पटतं,'" ती वाचत होती. "न्यायमूर्ती स्ट्रेकर म्हणतायत. मधमाश्यांचा खटला. अँब्रोज, तू कधी गेलास रे? मला सांगायचं तरी!"

थर्लवेलांना हसू आलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. एक्सेटरच्या या घरात बसून त्यांनी एकतीस वर्षं न्यायमूर्तींच्या निकालांवर भाष्यं लिहिली होती. कुठला निकाल कुठे घसरला ते सभ्य भाषेत दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. पण एकाही न्यायमूर्तीने निकालात त्यांचं नाव घेतलं नव्हतं. जिवंत लेखकाचं मत कोर्टात आधार म्हणून चालत नाही, अशी जुनी रीत. जिवंत माणूस उद्या मत बदलेल. मेलेला कसा बदलणार? आता ही रीत फारसं कुणी पाळत नसे, पण स्ट्रेकर पाळत.

दुपारी ऑर्म्सबी आला. थर्लवेलांचा जुना विद्यार्थी आणि याच खटल्यातला वकील. त्याच्या अशिलाचं तट्टू शेजाऱ्याच्या मधमाश्या डसून मेलं होतं.

"मी मेलो असं तू कोर्टाला सांगितलंस?"

"छे, सर! मी तुमचं पुस्तक वाचायला घेतलं. न्यायमूर्तींनी विचारलं, 'थर्लवेल गेले ना?' मी... मी उसासा टाकला."

"उसासा!"

"खोटं एक अक्षर बोललो नाही, सर. ते म्हणाले, 'अरेरे,' आणि पुढे वाचा म्हणाले. मग मीही वाचत राहिलो."

"वा रे पठ्ठ्या!" हेस्टर चहा ओतत म्हणाली. "कायदा याने शिकवला. ही कला कुणाची?"

थर्लवेल रागावले, पण मनापासून नाही. खरं सांगायचं तर स्वारी खूष होती. तीन दिवस त्यांनी ते कात्रण खिशात बाळगलं. दिवंगत तर दिवंगत. गावात जरा जपून हिंडायचं, एवढंच.

चौथ्या दिवशी निकालाची पूर्ण प्रत हाती आली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लिहिलं होतं, मधमाश्या तापट आहेत हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल तरच तो जबाबदार. या शेजाऱ्याला ते ठाऊक होतं, त्यामुळे तो तसाही हरलाच असता. पण स्ट्रेकरांनी ती अटच गाळली होती. म्हणजे आता देशात जो कुणी मधमाश्या पाळेल तो थर्लवेलांच्या नावाने अडकणार.

"सोडून दे," हेस्टर म्हणाली. "एकतीस वर्षं वाट पाहिलीस. नाव आलं ना एकदाचं?"

"नाव माझं आणि चूक त्याची! दुसऱ्या कुणाच्या नावावर असती तर मी सोडली असती का?"

"नसती सोडलीस. पण पत्र टाकलंस तर नाव काढून टाकतील, बघ हं."

हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? दोन दिवस त्यांनी कोरा कागद पुढ्यात ठेवला. मग स्ट्रेकरांना लिहिलं: मी हयात आहे, आणि माझं मत असं नव्हतं. पत्र त्यांनी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

निकाल न्यायनिर्णयांच्या खंडात छापण्याआधी न्यायमूर्ती तो एकदा तपासून देतात. स्ट्रेकरांनीही तपासला. वसंतात खंड आला. थर्लवेलांचं नाव गेलं होतं. चूक मात्र जागच्या जागी होती, आता खुद्द न्यायमूर्तींच्या शब्दांत. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: आपण हयात असल्याचं वाचून आनंद झाला. साहजिकच आपलं म्हणणं विचारात घेता येत नाही.

थर्लवेलांनी बैठक मारली आणि त्या निकालावर सहा पानं लिहून काढली. मग ऑर्म्सबीला बोलावून पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"छापायला पाठवू, सर?"

"जिवंत माणसाचं कोण ऐकतंय? तुझ्याकडे ठेव. मी गेलो की कोर्टात वाच."

"असं काय बोलता, सर! अजून पुष्कळ वर्षं आहेत."

"तीच तर अडचण आहे. तोवर बिचारे मधमाश्यावाले हरत राहणार."

पाकीट घेताना ऑर्म्सबीची नजर थर्लवेलांच्या सैल झालेल्या बाहीवर, तिच्यातल्या काटकुळ्या मनगटावर थांबली; ते थर्लवेलांनी पाहिलं. ऑर्म्सबीने उसासा टाकला. हा कोर्टासाठी नव्हता.