आत्याच्या वर्तुळावरची रेघ

त्रिकोण म्हणजे पुरुष. वर्तुळ म्हणजे बाई. मध्ये दोन आडव्या रेघा असल्या की लग्न. चिन्हावर तिरकी रेघ मारली की ते माणूस वारलेलं.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी समाजशास्त्र हा मायनर, म्हणजे दुय्यम विषय घेतला, कारण बाकीच्या मायनरच्या जागा भरल्या होत्या. प्रकल्प होता स्वतःच्या घराण्याचा नातेतक्ता. सोबत एका नातेवाइकाची मुलाखत जोडायची. वीस गुण, त्यातले पाच मुलाखतीचे.

योगिनी मॅडम वर्गात म्हणाल्या, "पुरुषांना विचाराल तर सातबाऱ्यावरची नावं सांगतील. स्वयंपाकघरात विचारा. तिथं जन्मलेली सगळी माणसं मोजतात."

△
माझे चुलते मारुतराव. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. माण गावातला बंगला त्यांचा, बंगल्यातली मागची खोली आईची आणि माझी. वडील मी सहावीत असताना गेले, तेव्हापासून.
"आण्णा, आजोबांना मुलं किती?"
"दोन. मी आन् तुझा बाप."

○
आई. मिक्सरशी.
तोच प्रश्न.
तिने मिक्सर बंद केला नाही, उलट वाढवला, आणि त्या आवाजात म्हणाली, "तीन. शालन. भोसरीला आसती. मी सांगितलं म्हनू नको."

मुलाखत. १२ जानेवारी. भोसरी, लोखंडी जिन्यावरची खोली.
(घरी येऊन लिहिलेली. तिच्यासमोर वही उघडलीच नाही.)

शालनबाई, वय त्रेपन्न. कारखान्यात गाड्यांचे रबरी बुश पिशव्यांत भरण्याचं काम, आठ तास उभं राहून. गुडघे दुखतात. नवरा लेथ मशीनवर होता, लातूरकडचा, जात वेगळी; लग्न शहाण्णव साली. पाच वर्षांपूर्वी वारला. मुलगी मिनल वाकडला मॉलमध्ये कामाला.

पहिला प्रश्न तिनेच विचारला. "आण्णाची शुगर कशी हाय?"

आजी गेली तेव्हा तुला कळलं होतं का?
"कळलं की. बसनं आले माणपातूर. स्टॉपवर आण्णाची गाडी उभी दिसली. उतरलेच न्हाई. त्याच बसनं माघारी. कंडक्टर म्हनला, बाई, तिकीट? म्हनलं, दे बाबा आजून एक."

मग ती हसली. मला काय लिहावं ते कळेना, म्हणून मी 'हसल्या' असं लिहिलं.

तक्त्यात आण्णा आणि वडील या दोन त्रिकोणांच्या शेजारी मी एक वर्तुळ काढलं. त्याला जोडून तिच्या नवऱ्याचा त्रिकोण, खाली मिनलचं वर्तुळ.

त्याच आठवड्यात आण्णांनी हाक मारली. ओढ्याकडच्या शेताचा व्यवहार ठरला होता. बिल्डरच्या वकिलाला वंशावळ हवी होती, प्रतिज्ञापत्राला जोडायला.
"कालेजात ह्येच शिकतीस म्हनं. मग सुबक काढून दे. ह्या जयदीपचं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझा विषय घरात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होता. मी पट्टी लावून तक्ता काढला आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर ठेवला.

जयदीप म्हणजे आण्णांचा मुलगा. त्याने वर्तुळावर बोट ठेवलं. "ही कोण?"
"शालन आत्या."
"मेलीय ती," आण्णा म्हणाले.
"मी रविवारी तिच्या घरी चहा घेतला."
"मग भुताच्या हातचा प्यालीस, पूनम," जयदीप म्हणाला.

आण्णा हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. "अविवाहित मयत. एकोणीसशे शहाण्णव. आसं लिही. तुझी आन् तुझ्या आईची सही लागती, बापाच्या जागी वारस म्हनून. तुमचा वाटा बी त्याच कागदात हाय. सही न्हाई, तर वाटा न्हाई. मग मागच्या खोलीचं बी बगावं लागंल."

"तिनं काय केलं होतं, आण्णा? लग्नच केलं ना?"

"तुला काय करायचं हाय त्ये बोल."

आई दारात उभी होती. हात पदराला पुसत. मी तिच्याकडे पाहिलं. नाव तिनेच दिलं होतं.

"मार रेघ, पूनम," आई म्हणाली. गॅस बारीक कर म्हणते तशी.

मी रेघ

वरून सुरू केली, उजव्या अंगाने,

वर्तुळाच्या आत आल्यावर पेन

थांबलं नाही.

नवऱ्याचा त्रिकोण आणि मिनलचं वर्तुळ जयदीपने व्हाइटनरने पुसलं. अविवाहित बाईला मुलगी कुठून येणार.

"कॉलेजचा कागद पण सेम टू सेम पाहिजे हां," तो म्हणाला. "उद्या तो कुणी कोर्टात काढला तर आपण खोटे पडू."

मी तोही सारखा केला. सह्या झाल्या. आईने तिचं पूर्ण नाव लिहिलं, अक्षर लावून लावून, आणि खाली तारीख घातली.

तोंडी परीक्षा. योगिनी मॅडमनी फाइल उघडली. तक्ता पाहिला. पान उलटलं. पुन्हा तक्ता पाहिला.

"तुमची आत्या शहाण्णव साली वारली?"
"हो, मॅडम."
"आणि यंदा बारा जानेवारीला तुम्हाला सांगतेय की गुडघे दुखतात."

मुलाखतीचं पान फाइलमध्ये तसंच राहिलं होतं. तक्ता सारखा करण्याच्या नादात ते पान माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

बाहेर वऱ्हांड्यात मुलं प्रश्नांची उत्तरं घोकत होती.

"जमीन?" मॅडमनी हळू विचारलं.
मी मान डोलावली.
"सही केलीत?"
"केली."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली, वर खोडरबर ठेवलं. "दोन्ही राहू शकत नाहीत. एक तर रेघ खोडा, नाहीतर पान काढा. मी काही विचारणार नाही."

रेघ पेनाची होती; पण व्हाइटनर माझ्या बॅगेत होता. अडचण ती नव्हती.

मी फाइलची दोरी सोडली आणि पान काढलं.

"मुलाखतीचे पाच गुण जातील."
"हो, मॅडम."

त्यांनी वीसपैकी पंधरा लिहिले आणि सही केली.

पान माझ्या हातात राहिलं. "मॅडम, हे तुमच्याकडे ठेवाल का? घरी नेता येणार नाही."

त्यांनी हात पुढे केला, मग तो टेबलावरच्या यादीकडे वळवला.

"माझ्याकडेही नको," त्या म्हणाल्या. "पुढच्या मुलीला आत पाठवा."