आतून केलेली पूजा

रायबाने आजवर विहिरीवरच्या कितीतरी मोटारी खोलून परत बसवल्या होत्या. गुंजवण्यात कुणाचा पंप बंद पडला की हाक त्यालाच यायची. पण त्या दुपारी पडवीत सतरंजीवर कॉम्प्युटरचे पार्ट मांडून बसल्यावर तो एकेक पार्ट दोन बोटांत जपून उचलत होता. मोटार जळली तर तांब्याची तार पुन्हा भरता येते. इथं काही जळलं तर मंगल दुसऱ्यांदा जाणार होती.

मंगल त्याची बायको. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं. तिला मोबाईलवर फोटो काढायचा भारी नाद. मोबाईल भरला की भोरमधला दुकानदार बंडू ते सगळं एका जुन्या हार्ड डिस्कवर उतरवून द्यायचा. पुढे ती आजारी असताना मोबाईल धुण्याच्या बादलीत पडून कामातून गेला. उरली ती डिस्क.

रायबा डिस्क घेऊन दुकानात गेलाही होता. पण तिथं गिऱ्हाईकं बसलेली. एवढ्या माणसांत मंगलला बघायचं त्याच्या मनाला पटेना.

"ठिवून जा तात्या, सवडीनं बघतो," बंडू म्हणाला.

"नगं. घरीच बघीन म्हणतो. सस्तातला एक कॉम्प्युटर जमवून दे. जोडायचं माजं म्या बघतो."

बंडूने पत्र्याची पेटी, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला बोर्ड, वापरलेला मॉनिटर, एक नवी डिस्क आणि रॅमची एक पट्टी असं जमवून दिलं. कुठली वायर कुठं खोचायची ते दोनदा करून दाखवलं. निघताना बजावलं, "जुनी डिस्क हाय. कवा मान टाकंल सांगता यायचं न्हाई. उघडली की आदी समदं नव्या डिस्कवर कॉपी करा. बघायचं मागनं."

तर आता सगळं पेटीत बसलं होतं. राहिली होती रॅमची पट्टी. तेवढ्यात शेजारची सखूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली.

"नवी मशीन हाय. सवाष्णीचा हात लागू द्या, भावजी."

घरात पंप आला, मिक्सर आला, दर वेळी पूजा मंगलने केली होती. तिच्या जागी दुसरं कुणी वाकलेलं रायबाला बघवलं नसतं.

"म्या करतो, वयनी. ताट ठिवा तितं."

सखूबाई ताट ठेवून गेली. रायबाने उंबऱ्यावर नारळ फोडला. मग ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून इंजिनाला लावतात तसं, बोट पाण्यात बुडवून त्याने पेटीच्या आत कुंकू लावलं. पंख्याला लावलं. हातातल्या पट्टीची सोनेरी कड चकाकत होती, तिलाही लावलं. पदराने पुसावं तसं टॉवेलच्या टोकाने जास्तीचं टिपलं, पट्टी खाचेत दाबली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

रायबाने झटकन प्लग उपसला. जुनी डिस्क आतच जोडलेली होती. ती जळाली असेल तर? नाकाने हुंगलं, जळका वास नव्हता. पण मोटारीला वास येतो, हिला येतो का, कुणाला ठाऊक. सखूबाईला परत पाठवली म्हणून तर नसेल? असलं तो कधी मानत नव्हता. आज मानावंसं वाटत होतं.

त्याने बंडूला फोन लावला.

"पट्टी बसली का नीट? कट्ट वाजलं?"

"वाजलं की."

"मग मदी काय केलं का?"

"पूजा केली."

"ती समदीच करत्यात."

"आतनं केली."

"आतनं म्हंजे?"

"बॉनेट उघडून."

"तात्या, त्याला बॉनेट नसतंय. कुकू कुठं लावलं?"

"पंख्याला. अन् त्या पट्टीच्या सोनेरी कडंला."

"वलं?"

"मग काय कोरडं चिकाटतंय?"

"नारळ तरी भाईर फोडला ना?" बंडू हसायला लागला. रायबाला हसू येईना. तेव्हा बंडू जरा जपून बोलला, "काय जळलं नसंल. जुनी डिस्क आदी सोडवा. पट्टी काडून खोडरबरानं कड घासा, खाच कोरड्या ब्रशनं झाडा. समदं खडखडीत वाळू द्या, मगच बटण दाबा."

खोडरबर सखूबाईच्या घरी मिळालं. तिने कारण विचारलं, त्याने सांगितलं.

"मंगलनं भाईरनंच लावलं असतं," ती म्हणाली.

"व्हय," म्हणून तो खाली मान घालून परत आला.

त्याने घासलं, झाडलं, उन्हं उतरेपर्यंत वाळू दिलं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी पडदा निळा झाला. मग मशीन बंद करून त्याने जुनी डिस्क जोडली. ती कुरकुरली, थांबली, परत कुरकुरली. पडद्यावर तिचं चित्र उमटलं तेव्हा कुठं त्याने श्वास सोडला.

कॉपीची हिरवी पट्टी सरकू लागली. एक तरी फोटो उघडावा म्हणून बोट वळवळत होतं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. मधेच दिवा मिचमिचला, तसा त्याने भैरवनाथाचा धावा केला. अखेर पट्टी भरली.

मग त्याने फोटो उघडले. रायबा खाचरात. रायबा गोठ्यात. रायबा जेवताना, तोंडात घास. वासरू. परत रायबा. मंगल कुठेच नव्हती. मोबाईल तिच्याच हातात असायचा, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो पुढे पुढे जात राहिला, आणि राहिलेले फोटो कमी होत गेले तसा एकेकावर जास्त वेळ थांबू लागला.

शेवटी एक व्हिडिओ होता. सारवलेलं अंगण दिसलं, मग मंगलची दोन पावलं, डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला.

"अवो, ह्ये चालू झालंय का बंद हाय?"

"मला काय ठावं," रायबाचाच आवाज आला. "दूध बग चुलीवरचं."

"आगं बाई," म्हणत पावलं पळाली, अंगण हललं आणि संपलं.

त्याने परत लावलं. आवाज ऐकून सखूबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"या की आत, वयनी," रायबा म्हणाला.

ती त्याच्यामागे येऊन बसली. पावलं पुन्हा पळाली.

"गेलं का वो दूध त्या दिशी?" तिने विचारलं.

"निम्मं गेलं. पर च्या झाला दोगांचा."