इलियासची चूक

नमाज संपवणारा डावा सलाम फिरवला की तोराब अली उठायचा. लोकांच्या माना अजून सरळ झालेल्या नसायच्या आणि हा दारात चपला शोधत असायचा. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीनंतर आमच्या शिकदारहाटच्या मशिदीत असं कुणी उठत नाही. आधी उजव्या हाताच्या पेरांवर तसबीह मोजायची, तेहतीस वेळा सुभानल्ला, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्ला, चौतीस वेळा अल्लाहू अकबर. मग हुजूर, म्हणजे आमचे इमाम, हात उचलतात, मुनाजात, म्हणजे सगळ्यांची मिळून दुआ, सुरू होते, ते मागतात आणि आम्ही आमीन म्हणतो. शेवटी तळहात तोंडावरून फिरवायचे आणि पायऱ्या उतरून माझ्या टपरीवर चहाला यायचं. माझं दुकानच या क्रमावर चालतं.

तोराब हा क्रम मोडायला लागला तसा लोकांनी अर्थ लावून टाकला.

"बोटं गेली ना त्याची, मोजणार कशावर? रुसलाय अल्लावर," नूरू दर्जी बिस्किट चहात बुडवत म्हणाला.

"रुसलेला माणूस पाच वेळा दारात येतो होय रे?" मी म्हटलं.

"सवय असते, बदी भाई."

नूरूला असंच काहीतरी सुचतं. कपडे बरे शिवतो.

झालं होतं ते असं. किनाऱ्यावर मोताहेर हाजीचं जहाजं तोडायचं यार्ड आहे. इलियास तिथे गॅसने पत्रे कापायचा आणि तोराब त्याची नळी धरायचा. त्या दिवशी तेलाच्या जहाजाच्या टाकीत इलियास उतरला आणि लगेच वर आला. म्हणाला, आत वास मारतोय, टाकी अजून मोकळी झालेली नाही. हाजीचा मेव्हणा तिथे मुकादम. तो म्हणाला, "भरतीच्या आत पत्रा खाली पाहिजे. वास येतो तर नाकाला फडकं बांध." इलियासने फडकं बांधलं आणि उतरला. टाकी फुटली. इलियास जागच्या जागी गेला. टाकीच्या तोंडाशी नळी धरून उभ्या असलेल्या तोराबच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. दवाखान्याने ती कापडात बांधून भावाच्या हातात दिली. आपल्यात अंगाचा तुकडाही मातीलाच द्यायचा असतो. संध्याकाळी इलियासचं दफन चाललेलं, भावाने तिथेच शेजारी वीतभर खड्डा खणून ती पुरली.

त्याच आठवड्यात हाजीने मशिदीला नवा भोंगा दिला. रोज असरला इलियाससाठी भोंग्यावरून दुआ व्हावी अशी त्याची इच्छा. लोक म्हणाले, काय मन आहे माणसाचं! मशिदीची कमिटी हाजीच्याच खिशातली, तिने मान डोलावली. मुनाजातीत हे नवं मागणं आलं.

"या अल्ला, इलियासच्या हातून जी चूक झाली, त्याच्या बेपर्वाईने जे नुकसान झालं, ते माफ कर. या अल्ला, मोताहेर हाजींना उदंड आयुष्य दे, त्यांच्या कामात बरकत दे."

आमीन. अख्खी मशीद आमीन. रोज.

आता हाजीची अक्कल बघा. ढाक्याहून चौकशीचा साहेब यायचा होता, तोवर यार्ड बंद. साहेब येऊन विचारणार कुणाला? बाजाराला. आणि बाजार काय सांगणार? रोज असरला कानावर पडतं तेच. साक्षीदाराला खोटं पढवलं तर तो कधी ना कधी अडखळतो. हाजीने खोटं दुआत घातलं. दुआवर शंका कोण घेणार? एकेकाने आमीन म्हणून त्यावर अंगठा उठवला तो वेगळाच. अल्लाचं दार हा माणूस आपल्या गोदामाच्या दारासारखं वापरत होता आणि आम्ही आत माल वाहून नेत होतो. बघता बघता दुआतली 'चूक' सिगरेट झाली. इलियासने म्हणे टाकीत सिगरेट पेटवली! माझ्या टपरीवर सिगरेट मिळते. त्या माणसाने तिला कधी हात लावला नाही.

तोराब उठायचा तो त्या आमीनमध्ये आपला आवाज मिसळू नये म्हणून. बाकी काही नाही.

एकदा तो मला बरोबर घेऊन गोलेनूर भाभीकडे गेला, इलियासच्या बायकोकडे. तोराबच्या बायकोने सुकट दिली होती तिच्यासाठी. आम्ही अंगणात बसलो. आत इलियासची धाकटी मुलगी शिउली आईच्या मुसल्यावर बसून नमाज नमाज खेळत होती. सलाम फिरवला, इवल्या बोटांवर काहीतरी मोजलं, हात पसरले आणि हुजूरांच्या सुरात म्हणाली, "या अल्ला, अब्बाची चूक माफ कर. अब्बाने सिगरेट ओढली."

तोराबच्या हातातली सुकटीची पुडी खाली पडली.

गोलेनूर दारामागून म्हणाली, "मी नाही शिकवलं हो भाईजान. ते भोंग्यातून येतं. मी माझे कान झाकीन, तिचे कसे झाकू? नळावर बाया म्हणतात, तुझ्या नवऱ्याने आमच्या पोरांचं काम बंद पाडलं. त्या बायांचं मी ऐकून घेते. पण ही मोठी झाली की हिला बाप म्हणून काय आठवणार? सिगरेट?"

तोराबने पुडी उचलून उंबऱ्यावर ठेवली आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी असरच्या आधी हुजूर माझ्या बाकावर बिनदुधाचा लाल चहा घेत होते. नोआखालीचा तरुण माणूस, गळा गोड, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. तोराब येऊन समोर उभा राहिला.

"हुजूर, ते चूक माफ करण्याचं वाक्य गाळा."

"तोराब भाई, चुका कुणाच्या हातून होत नाहीत? माफी मागितली त्यात वाईट काय?"

"मग सगळ्यांचीच मागा. हाजीच्या वाट्याला उदंड आयुष्य आणि इलियासच्या वाट्याला चूक, ही वाटणी कुणाची?"

हुजूर कपात बघत म्हणाले, "मला जसं सांगितलं तसं मी मागतो. मी काही यार्डात नव्हतो."

"मी होतो."

मी म्हटलं, "हुजूर, बिस्किट घ्या." दुसरं काय म्हणणार?

तोराबने उजवा हात त्यांच्यासमोर धरला, अंगठा आणि करंगळी, मधे शिवलेली कातडी. "तुम्हीच सांगता ना, तसबीह बोटांवर मोजा, कयामतीला बोटांना बोलतं करतील, ती साक्ष देतील. माझी तीन पुढे गेलीत. इलियासच्या शेजारी पडलीत. नळीवर होती ती, सगळं त्यांच्यासमोर झालं. आता रोज असरला भोंगा त्यांच्या डोक्यावर वाजतो, हुजूर. कबरस्तान काही लांब नाही."

"माझ्या घरी चार तोंडं आहेत," हुजूर हळू म्हणाले.

"ठाऊक आहे. इलियासच्या घरीही आहेत."

हुजूरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि अजान झाली.

त्या दिवशी डावा सलाम फिरला तरी तोराब उठला नाही. मी त्याच्या बाजूलाच होतो. अंगठ्याने करंगळीची पेरं मोजून झाली की तो डाव्या हातावर जायचा, मग परत करंगळीवर. पलीकडून नूरू कुजबुजला, "डाव्या हातावर मोजतोस?"

"उजवा कबरस्तानात आहे. जाऊन विचार त्याला."

नूरू आपली पेरं मोजायला लागला.

हुजूरांनी हात उचलले. सगळ्यांचे हात वर गेले. मुनाजात सुरू झाली, आईबापासाठी, आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, आणि मग, "या अल्ला, इलियासच्या..."

हुजूर थांबले. शब्द पाठ होते, रोजचे होते, पण पुढे येईनात.

तेवढ्यात तोराब बोलला. मोठ्याने, हात पसरून, जसं मागायचं तसंच.

"या अल्ला, इलियास वर आला होता. आत वास आहे म्हणून त्याने सांगितलं होतं. त्याला परत खाली धाडलं. मी नळी धरून उभा होतो. त्याने काही पेटवलं नाही. ज्याने धाडलं तो माफी मागायला आला तर दे, नको देऊ, तुझी मर्जी. पण तो ती माफी इलियासच्या नावावर मागून घेतोय, ती देऊ नकोस."

एकदा दुआला हात उचलले की आमीन होईपर्यंत खाली येत नाहीत. हे कुणी शिकवत नाही, आमच्या हाडात असतं. हाजी पहिल्या रांगेत होता, त्याचेही हात वर. "हुजूर, संपवा," तो दातांतून म्हणाला. पण संपवायचं म्हणजे आमीन म्हणायचं आणि आमीन म्हटलं की तोराबच्या मागण्यावर शिक्का. म्हणायचं नाही तर हात खाली कसे आणायचे? खांदे भरून आले. आम्ही सगळे तळवे पसरून बसलेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण नेमकं काय मागतोय ते प्रत्येकाला कळत होतं.

"आमीन," हुजूर म्हणाले.

हळूच म्हणाले, पण माईक त्यांच्या गळ्याशी होता. हाजीनेच दिलेला. ते आमीन बाजारावरून गेलं, यार्डावरून गेलं, गोलेनूरच्या पत्र्यावर जाऊन पडलं. मग मागच्या रांगेतून, त्या दिवशी जहाजावर असलेल्या कटरांच्या रांगेतून, दुसरं आलं. मी तर ओरडलोच. मग सगळी मशीद. नूरूही म्हणाला, तो नेहमीच सगळ्यांबरोबर म्हणतो. हाजीलाही तळहात तोंडावरून फिरवावे लागले.

पुढच्या जुम्म्याच्या आत कमिटीला शोध लागला की नमाजीनंतर अशी सामुदायिक दुआ मुळात बरोबरच नाही, ज्याने त्याने मनात मागावं. इतकी वर्षं चाललं ते चालायचं आणि त्याच आठवड्यात यांना धर्म समजला! हुजूरांना मशिदीच्या कामावरून काढलं. चौकशीचा साहेब आला, बाजाराला विचारून गेला. त्याचा कागद कुठल्या फायलीत सडेल ते मला सांगता येत नाही, असले कागद मी पुष्कळ पाहिलेत. पण सिगरेट हा शब्द कुणी काढला नाही आणि मागच्या रांगेतले दोघे कटर आपणहून जाऊन बोलले.

जायच्या दिवशी हुजूर पत्र्याची पेटी घेऊन माझ्या बाकावर बसची वाट बघत होते. तोराब आला, पेटीशेजारी उकिडवा बसला.

"तोराब भाई, माझ्यासाठी काही मागाल?"

"मी? तुम्ही हुजूर, मी अडाणी माणूस. काय मागू?"

"तेच जुनं वाक्य. चूक माफ कर म्हणा." हुजूरांनी बसकडे मान वळवली, पण बस अजून लांब होती. "ती माझी होती."

तोराबने शर्टाला हात पुसले आणि रस्त्याच्या कडेला, धुळीत बसल्या बसल्या, दोन्ही हात वर केले. तो काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. मी हातातली किटली खाली ठेवली आणि आमीन म्हटलं.