मोजणीत एक कमी

दर तीन महिन्यांनी न्यायाधीशबाई राजधानी लिलाँग्वेहून येत आणि तुरुंगाच्या आवारात आंब्याखाली टेबल मांडून बसत. मुदत उलटूनही ज्यांचा खटला चाललेला नाही अशा कच्च्या कैद्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवायची, हे त्योंगेचं काम. ती वकील नव्हती. एका संस्थेतर्फे कैद्यांचे अर्ज लिहून द्यायची.

त्या दिवशी एकोणीस नावं संपली. बाई चष्मा काढत होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मासाउत्सोने विचारलं, "ताई, माझा नंबर कधी?"

वल्ह्याएवढ्या पळीने आठशे जणांचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, घोटणारा हा माणूस त्योंगे वर्षभर पाहत होती. अंगात पांढरा गणवेश, म्हणजे शिक्षा झालेला. त्याला कसला नंबर? पण विचारल्यावर कळलं, गिरणीची मोटर चोरल्याच्या आरोपावरून धरला त्याला तीन वर्षं झाली, आणि खटला उभाच राहिला नव्हता. बाहेर तो लग्नाच्या पंगतींचा आचारी. म्हणून इथे चुलीपाशी नेला. चुलीवर फक्त पक्के कैदी चालतात, म्हणून पांढरे कपडे चढवले. संध्याकाळी मोजणी कपड्यांवरून होते. तेव्हापासून तो पांढऱ्यांत. आणि त्योंगेनेही यादी कपडे पाहूनच केली होती. हे तिला फार लागलं.

ती त्याला घेऊन टेबलाकडे धावली. बाईंनी ऐकून घेतलं. पोलिसांच्या वकिलाकडे फाइल नव्हती, यादीत नाव नव्हतं. पुढच्या खेपेला घाला, म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

तुरुंगाधिकारी न्ख्वाझींच्या वहीत मासाउत्सोच्या नावापुढे शिक्षेचा रकाना कोरा होता.

"मग हा सुटणार कधी, साहेब?" त्योंगेने विचारलं.

"शिक्षाच नाही लिहिलेली, तर ती संपणार कशी?"

वाजवी मुदतीत खटला चालण्याचा हक्क मानवी हक्कांच्या आफ्रिकी सनदेतच दिलेला आहे, हे त्योंगेने कलमासकट सांगितलं. न्ख्वाझींनी मान डोलावली. त्यांना सगळं पटत होतं. फक्त उद्या न्सिमा कोण घोटणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

 मासाउत्सोने पांढरा सदरा आणि विजार घडी करून टेबलावर ठेवली, कच्च्यांपैकी कुणाचे तरी साधे कपडे मागून घातले आणि कच्च्यांच्या रांगेत जाऊन बसला. चुलीपाशी पोटभर मिळायचं. इथे अर्धी ताटली.

संध्याकाळच्या मोजणीत पांढरे एकाने कमी भरले.

"एक कमी म्हणजे पळाला," न्ख्वाझी म्हणाले. "आजच्या आज मुख्यालयाला कळवावं लागतं. ते कपडे घाल बाबा, मला अडकवू नकोस."

"या बाजूला एक जास्त आहे ना," त्योंगे म्हणाली.

"जास्त झाल्याचा फॉर्म नसतो."

मासाउत्सो जागचा हलला नाही. "पळाला असं लिहा, साहेब. पळालेल्याला निदान शोधतात तरी."

न्ख्वाझींनी पेन उघडलं, मिटलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितलं.